देवीचं धोंडस आणि रखमाकाकीचं नाक

"झाकण काढू नको गो, आत ता कपडे बदलता हा."

भोईवाड्याच्या आमच्या चाळीत रखमाकाकीचं हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस सापडायचा नाही. शेगडीवर जाड बुडाचा टोप, टोपावर झाकण, झाकणावर लाल निखारे आणि शेजारी पाटावर पदर खोचून बसलेली काकी. कुणी बाई उत्सुकतेनं झाकणाकडे हात न्यायला लागली की हे वाक्य आलंच. बायका तोंडाला पदर लावून हसत, पुरुष खाली बघून हसत आणि झाकण जागच्या जागी राही. आत असायचं फणसाचं धोंडस, खालून-वरून भाजलेली जाड गोड वडी. ते कच्च्या कण्यांचे कपडे उतरवून भाजल्या, तांबूस अंगाचं होत असे. अशा वेळी कुणाच्या दारात डोकावू नये, एवढंच काकीचं म्हणणं.

काकी आमच्या गावची, कोकणातल्या वेळकोंडची. म्हणजे माहेर आणि सासर दोन्ही वेळकोंडच, मधे फक्त एक पऱ्ह्या, पावसाळ्यात वाहणारा ओहोळ. गुणाजीकाकाशी लग्न होऊन ती मुंबईत आली तेव्हा काका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. तळमजल्यावर वेळकोंड ग्रामस्थ मंडळाची खोली होती, अजून आहे. गावातून नोकरीला आलेला माणूस आधी त्या खोलीत पथारी टाकायचा आणि जेवायला दुसऱ्या मजल्यावर काकीकडे जायचा. तीन पाळ्यांची माणसं, म्हणून चूल कधी थंड व्हायची नाही. कुणाला भाकरी जाड लागे, कुणाला पातळ. कुणी कालवणात कोकम जास्त मागे. कुणी ताटावर बसल्या बसल्या गावच्या बांधावरून भांडण उकरून काढी. काकी सगळ्यांना वाढायची आणि सगळ्यांशी भांडायची. मीही तरुणपणी त्या पंगतीत बसलेलो आहे. नंतर गावी परत गेलो, शेतीत रमलो, पण वैशाखात मंडळाच्या पूजेला यायचं मात्र कधी चुकवलं नाही.

गिरण्या बंद पडल्या. माणसं पांगली. काही गावाला गेली, काही कल्याण-विरारच्या पुढे. गुणाजीकाकाही गेले. खानावळीची मोठी पातेली माळ्यावर चढली आणि त्यांच्यावर धूळ बसत गेली. मुलगा बोटीवर कामाला लागला, वर्षातले बरेच महिने पाण्यावर. घरात उरल्या दोघी, काकी आणि सून मानसी. मानसी गिरगावात फणसवाडीत वाढलेली, दादरला एका ऑफिसात नोकरी करणारी, कामाला चटपटीत. स्वयंपाकघर हळूहळू तिच्याकडे गेलं. काकीनं कुरकुर केली नाही. तिच्याकडे एक दिवस उरला होता, देवीच्या पूजेचा.

त्याचं असं आहे. वेळकोंडला पावणादेवीच्या देवळामागे तळं आहे, आणि तळ्याच्या काठावर एक फणस आहे. बरका फणस. मुंबईच्या बाजारात जे करकरीत गरे मिळतात ते काप्या फणसाचे. बरक्याचे गरे मऊ, गिळगिळीत, रसाळ. तोंडात टाकले की आठळी हातात आणि गरा पोटात. शहरात त्याला कुणी विचारत नाही. पण धोंडस होतं ते बरक्याचंच. आमच्या तळ्यावरच्या बरक्याला जो वास आहे तो मी दुसऱ्या कुठल्या गावात घेतलेला नाही, आणि मी बऱ्याच गावांतले फणस खाल्ले आहेत. वैशाखात त्या झाडाचा पहिला मोठा फणस गोणपाटात बांधून टेंपोनं मुंबईला येतो. पिकला की त्याचं धोंडस करायचं आणि पूजेच्या दिवशी खोलीतल्या देवीच्या तसबिरीपुढे ठेवायचं. मग गावकऱ्यांनी प्रसाद घ्यायचा आणि सुटीला गावाकडे निघायचं.

करण्याची रीत काकीच्या आईची. गरे बांबूच्या चाळणीवर चोळून रस काढायचा. तांदळाच्या कण्या तुपावर भाजायच्या, घाई न करता, त्या दातांनी फुटतील असं वाटेपर्यंत. मग रस, गूळ, ओलं खोबरं, ओले काजू, चिमूट मीठ. हे सगळं घोटून केळीचं पान घातलेल्या टोपात ओतायचं. खाली विस्तव, वर विस्तव. कोळसे काकी नाक्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून आणायची आणि गॅलरीच्या टोकाला शेगडी मांडायची.

एक मात्र नियम कडक. देवीचं आहे, म्हणून जिभेवर ठेवायचं नाही. गूळ कमी की जास्त, रस गोड की तुरट, भाजलं की नाही, सगळं नाकानं ठरवायचं. आधी कच्च्या फणसाचा उग्र वास येतो. बराच वेळ तोच येत राहतो. मग कधीतरी तो मागे सरतो आणि भाजल्या गुळाचा, करपायच्या जरा आधीचा वास पुढे येतो. याला काकी म्हणे, वास फिरला. वास फिरला की टोप उतरायचा. आधी उतरला तर आत चिकट, उशिरा उतरला तर बुडाला कोळसा. काकीचा अंदाज कधी चुकलेला कुणाला आठवत नव्हता.

त्या मोठ्या साथीत काकीला ताप आला. माणूस वाचलं, सगळ्यांना बरं वाटलं. पण तापातून उठल्यावर एकदा सुका बांगडा चुलीवर टाकलेला असताना काकी तिथेच बसून तांदूळ निवडत राहिली, आणि शेजारची चंपा धावत आली, "अगो रखमा, चाळ पेटवतंस की काय!" काकीनं बघितलं तर बांगड्याचा कोळसा. घरभर धूर, आणि तिच्या नाकाला काही पत्ता नाही.

हे तिनं तेव्हा कुणालाही सांगितलं नाही, मलाही पुष्कळ नंतर कळलं. चंपाला म्हणाली, डोळा लागला. नंतर महिनाभर कधी कापूर, कधी लसूण, कधी मानसीची अत्तराची बाटली नाकाजवळ धरून बघायची. काही नाही. पाण्यासारखं.

मानसीला कळलं असतं तर ती काय म्हणाली असती ते काकीला पाठ होतं. मंडळाचे लोक काय म्हणाले असते तेही पाठ होतं. काकी, तुम्ही खूप केलंत, आता आराम करा, यंदा पेढे आणू. माणूस बाद झालं की त्याला खुर्ची देतात हे तिनं चाळीत पुष्कळ पाहिलं होतं. तिला खुर्ची नको होती. वर्षातून एक दिवस शेगडीपुढचा पाट हवा होता.

पूजा पुन्हा सुरू झाली तेव्हा ती चंपाच्या भरवशावर धोंडसाला बसली. चंपाला गोडाची हाव. फणस पिकायला लागला की भिंतीपलीकडून ओरडायची, "रखमा, तुझो फणस हाका मारता गो!" आणि शेगडी पेटली की पाटाशेजारी फतकल मारून बसायची. काकीनं काही विचारायची गरजच पडायची नाही. चंपाचं तोंड चालूच. "अजून उग्रच येता... आता जरा गोडूस... अगो, फिरलो, फिरलो! माझो जीव जाता, उतर ता!" काकी शांतपणे टोप उतरवायची, जसं काही आपल्याला आधीच कळलं होतं. दोन सालं अशी निभावली. चंपा आपल्या हावरेपणात इतकी बुडालेली असायची की आपण कुणाचं नाक झालो आहोत हे तिला कळलंही नाही.

यंदा चंपाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तिची लेक तिला बदलापूरला घेऊन गेली.

फणस आला. मंडळाचा सेक्रेटरी दीपक, खानावळीत जेवलेल्या एका गिरणी कामगाराचाच मुलगा, फणस खांद्यावर घेऊन दोन जिने चढला आणि धापा टाकत म्हणाला, "काकी, घ्या तुमचं बाळ. यावेळी जाम हेल्दी आहे."

"दिष्ट लागात. ठेव खाटेखाली."

काकी रोज त्याला अंगठ्यानं दाबून बघायची. थाप मारून आवाज ऐकायची. काटे पसरले की नाही ते बोटांनी चाचपायची. एवढं तिला येत होतंच. पण बरका फणस उन्हाळ्यात फसवा. काल कडक, आज मऊ आणि उद्या आंबलेला. शुक्रवारी तो अंगठ्याला नरम लागला. पूजा रविवारी. पूर्वीची काकी असती तर वासावरून तिला कळलं असतं की हा थांबणार नाही, आणि तिनं त्याच संध्याकाळी रस काढून गुळात आटवून ठेवला असता. या वेळी भिंतीपलीकडून हाक आली नाही. तिला वाटलं, अजून अवकाश आहे.

शनिवारी मी गावाहून आलो. जिना चढता चढताच मला तो वास आला. फणसाचा होता, पण त्याच्या अंगाखाली ताडीसारखं काहीतरी होतं. नळावर दोन बायका बादल्या भरत होत्या.

"काकींचा फणस उतरलाय वाटतं."

"मग जाऊन सांग."

"मी? रखमाकाकींना? फणसाबद्दल?"

दोघी हसल्या आणि बादल्या उचलून गेल्या. प्रत्येकाला असंच वाटत होतं. मलाही वाटलं की काकीनं काही विचारानंच ठेवला असेल. जिनं उभ्या चाळीला फणस शिकवला तिला फणस कुणी सांगायचा? घरात मानसी होती. पण ती आठवडाभर नाकाला रुमाल बांधून वावरत होती. काकी त्यावरून तिला रोज टोमणे मारायची, "जन्म फणसवाडीत, नि फणस बघून पळता. तुमच्या वाडीचा नाव बदला."

"आई, आमच्या वाडीत एकही फणस नाही."

"म्हणान तर वाडीची ही दशा."

रविवारी सकाळी काकीनं फणस फोडला. हाताला तेल लावून गरे काढले, चाळणीवर चोळले. रसाला बारीक फेस येत होता. तिला वाटलं, चोळण्यानं आला. कण्या भाजल्या, गूळ घातला, टोप चढवला, झाकणावर निखारे मांडले. मी दाराशी बाकड्यावर चहा घेत बसलो होतो. थोड्या वेळानं काकी अस्वस्थ दिसायला लागली. वाकून टोपाजवळ नाक न्यायची, परत सरळ बसायची. मग तिनं घरात हाक मारली.

"मानसी, हयं ये. बस."

"मी? काय झालं आई?"

"काय होवचा हा? बस म्हटलंय. नि ता फडका काढ तोंडावरचा. वास फिरलो की माका सांग."

"कुठे फिरला की?"

"अगो, वास! आता कच्चो येता हा. तो जातलो नि भाजल्या गुळाचो येतलो. तेव्हा सांग."

"पण ते तुम्हालाच कळेल ना. मला काय त्यातलं?"

"माझ्या नाकात धूर गेलो हा."

मानसीनं रुमाल सोडला, पाटाच्या कडेला बसली आणि परीक्षेला बसल्यासारखी टोपाकडे बघत राहिली. निखारे तडतडत होते. खाली रस्त्यावर कुणी भाजीवाला ओरडत गेला. काही वेळानं ती हळूच म्हणाली, "आई, एक विचारू? हसू नका. फणसाला दारूसारखा वास येतो का?"

काकीचा हात चिमट्यावरच राहिला.

"कसो?"

"आंबट. दारूच्या दुकानामागून जाताना येतो ना, तसा. शुक्रवारपासून येतोय. मला वाटलं, असाच असतो. म्हणून रुमाल अजून घट्ट बांधला."

"शुक्रवारपासून येता, नि तू गप?"

"मला काय माहीत! सगळेच गप्प होते."

काकीनं माझ्याकडे बघितलं. मी चहाच्या कपात बघितलं. तेवढ्यानं तिला जे कळायचं ते कळलं. आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून मानसीला दुसरं काही कळलं.

"आई," ती आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "तुम्हाला वास येत नाही?"

काकी निखारे सारखे करत राहिली. करायचं काही नव्हतं, ते सारखेच होते.

"तापात गेलो. परत इलो नाय."

"एवढे दिवस? आणि बोलला नाहीत? डॉक्टरला तरी—"

"बोललंय असतंय तर तू माका हय बसूक दिलं असतंस? खरा सांग."

मानसी पाटाची कड नखानं कोरत राहिली. तिला खोटं बोलता येत नाही, हा तिचा गुणच म्हणायचा.

"ह्यो एक दिस माझो आसा," काकी म्हणाली. "बाकीचे सगळे तुझे. मी कधी मागलंय?"

 मग मानसीनंच सावरून घेतलं. वेलची जास्त घालू, वरून तूप-गूळ सोडू, तुकडे लहान पाडू. "कुणी काही बोलणार नाही, आई. तुम्हाला माहितीये, कुणीच बोलणार नाही." काकी ऐकत होती.  मानसीला जेव्हा वास बदलल्यासारखा वाटला तेव्हा तिनं सांगितलं, आणि काकीनं टोप उतरवला. वरून बघायला धोंडस सुरेख झालं होतं, कडा सुटलेल्या, रंग चिंचोक्यासारखा. मानसीनं वेलची कुटून आणली. काकीनं ती वाटी बाजूला सारली आणि टोपावर कापड बांधलं.

खाली खोलीत पन्नाससाठ माणसं दाटीवाटीनं बसली होती. ट्रंका भिंतीला लावून त्यांवर पोरं बसवलेली. देवीच्या तसबिरीला अबोलीचा हार. काकीनं टोप देवीपुढे ठेवला, कापड सोडलं आणि बायकांत जाऊन बसली. वास खोलीभर पसरला. मी माणसांचे चेहरे बघत होतो. दोघातिघांनी नाक ओढलं, एकमेकांकडे पाहिलं आणि हात जोडले. सगळे भक्तिभावानं बसून राहिले.

दीपकनं गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. ऑफिसात तो मोबाइलवर हिंदी-इंग्रजी फेकतो, पण देवीपुढे उभा राहिला की त्याच्या तोंडात बापाची मालवणी येते.

"हे आई पावणादेवी, तळ्यावरच्या माये, आज तुझी लेकरां भोईवाड्यात एका जाग्यार जमली हत..."

"व्हय म्हाराजा!"

"कोणाच्या झिलाक नोकरी नाय, कोणाच्या चेडवाचा लगीन अडला हा, कोणाची जागा बिल्डरान लटकवली हा, त्या सगळ्यांची वाट मोकळी कर..."

"व्हय म्हाराजा!"

"नि तुझ्या म्होरं मांडल्या सेवेत काय चुकला माकला असात, ता लेकरांच्या न कळत झाला असा समजान पदरात घे..."

"व्हय—"

"थांब, दीपक."

काकी उभी राहिली होती. खोलीतला 'म्हाराजा' अर्ध्यावर तुटला. गाऱ्हाण्यात कुणी मधे बोलत नाही. आमच्या गावात तर असं घडलेलं मी ऐकलेलंही नाही.

"काकी, आरती झाल्यावर बोलू ना," दीपक कुजबुजला.

"आरतीनंतर काय बोलतलंय? तवसर ता देवीच्या पोटात जातला. तू तिका काय सांगलंस? न कळत झाला. न कळत नाय झाला. माका कळलेला हा." ती पुढे आली. "फणस आंबलो हा. माका वास येणा नाय. तापापासून येणा नाय. मागची दोन सालां चंपाच्या नाकार काढलंय."

 मग मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे आपलं निम्मं पुण्य बदलापूरला गेलं!" आणि हशा पिकला. त्या हशानं दीपकला धीर आला. त्याचा हेतू चांगला होता. त्याला काकीला मोकळं करायचं होतं.

"अहो काकी, एवढं काय त्यात? आम्हाला कालपासूनच कळलं होतं की."

"कालपासून?"

"जिन्यातच वास येत होता ना. पण तुम्हाला कोण सांगणार? टेन्शन घेऊ नका. तुमच्या हातचं आहे. कसंही असलं तरी आम्ही खाऊ."

एक-दोन माणसं म्हणाली, हो हो, खाऊ.

काकी सगळ्यांवरून नजर फिरवत राहिली. तिला राग आलेला मी खानावळीच्या दिवसांत पुष्कळदा पाहिला होता. तेव्हा ती ओरडायची. आता तिचा आवाज खाली आला.

"कसा पण कित्या खातलास? तुझो बापूस, दीपक, आमटीत मीठ कमी पडला तर ताट सारून उठायचो. गॅलरीत उभो ऱ्हवान बोंबलायचो, रखमा, मिठाचो भाव वाढलो काय गो! ह्यो बसलो हा ना," तिनं माझ्याकडे बोट केलं, "ह्येना भातातलो खडो माझ्या हातावर आणून ठेवलेलो. तो माझो मान होतो. त्या येळाक मी सांभाळून रांदायचंय. नि आता तुमी म्हणतास कसा पण खाऊ. मेल्यांनो, माका मान देवक गेलात, नि देवीक आंबट वाढूक निघालात?"

कुणी मान वर केली नाही. ट्रंकेवरच्या पोरांना काय चाललंय कळत नव्हतं, तीही पाय हलवायची थांबली. दीपकचे डोळे भरून आले होते. तो टोप उचलायला वाकला, पण काकीनं त्याच्या आधी कडीला हात घातला.

"नारळ फोड. गूळ-खोबरा ठेव तिच्याम्होरं. गाऱ्हाणा पयल्यापासून घाल, अर्ध्यार सोडूचा नसता."

"आणि पुढच्या वर्षी, काकी?" बायकांतून कुणीतरी विचारलं. ज्या प्रश्नाला ती इतके दिवस भ्यायली होती तो असा सहज आला, लग्नघरी भात कमी आहे का विचारतात तसा.

 काकीनं हनुवटीनं मानसीकडे खूण केली.

"हिका विचारा. हात माझे अजून आसत. नाक हिचा आसा. हिना सांगला नसता तर आज मी ता तुमच्या ताटात घातलंय असतंय."

मानसी दचकली. "मला? आई, मला फणस आवडत सुद्धा नाही!"

"ताच बरा. खावचो नाय, हुंगूचो. चंपा तर बोटा बुडवायची. माका दिसायचा, पण सांगतलंय कोणाक?"

आता सगळी खोली हसली. मानसी हसली नाही.  ती सासूकडे बघत होती. लग्न झाल्यापासून या बाईनं आपल्याकडे काही मागितलं नव्हतं, असं ती मला नंतर म्हणाली. मागते तेव्हा कशी दिसते, हे ती त्या दिवशी प्रथम बघत होती.

काकीनं टोपावर कापड पुन्हा बांधलं आणि टोप कमरेवर घेतला. मानसी उठली.

"द्या, मी धरते."

"नको. जड नाय."

"कुठे नेताय?"

"नाक्यापलीकडल्या कोर्टाच्या मागे शेरडां बांधतत. ती खातली. त्येंका आंबटाचा वावडा नाय." दाराशी चपला शोधताना तिनं एक हात चौकटीला लावला, पण टोप हलू दिला नाही. "तू हयं थांब. आरतीक घरचा माणूस व्हया."

ती बाहेर पडली. खोलीत नारळ फुटल्याचा आवाज आला. दीपकनं घसा खाकरला आणि गाऱ्हाणं पहिल्यापासून सुरू केलं.

मानसी दारात उभी राहिली होती, मी तिच्या मागे. दुपारच्या उन्हात रस्ता पांढरा पडला होता. काकी पदर डोक्यावर ओढून दुकानांच्या सावलीतून चालली होती, पूर्वी पाणी भरून आणायची त्याच चालीनं, एक खांदा जरा खाली आणि मान ताठ. नाक्यावर एक टॅक्सी तिच्यासाठी थांबली. तिनं ड्रायव्हरला हातानं पुढे जायला सांगितलं, तो गेला नाही, मग तिनंच रस्ता ओलांडला, सावकाश. पलीकडे टोप एका कमरेवरून दुसऱ्या कमरेवर घेतला आणि कोर्टाच्या भिंतीच्या कडेनं चालायला लागली. आमच्या पाठीमागे माणसं "व्हय म्हाराजा" म्हणत होती. आम्ही दोघं मात्र तिच्याकडेच बघत होतो, ती भिंतीच्या कोपऱ्यावरून वळेपर्यंत.